देहाचे आदर्श आणि लोकाभिरुची

आवडनिवड ही ज्याची त्याची खाजगी बाब होय, असे आपण सहज म्हणून जातो. परंतु मनुष्यदेहाविषयीची आपली आवड नीट तपासून पाहिली, तर ती आपली एकट्याची क्वचितच असते. रंगभूमी, मुखपृष्ठे, चित्रपट आणि जाहिराती यांनी ती आपल्या नकळत घडवलेली असते. मराठी समाजापुरते बोलायचे, तर या घडणीचे सर्वांत बोलके उदाहरण बालगंधर्वांचे आहे.

नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांनी ‘मानापमान’मधील (१९११) भामिनी, ‘स्वयंवर’मधील (१९१६) रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधील (१९१९) सिंधू साकारल्या. त्यांचे लुगडे नेसणे, अंबाडा, दागिने, पदर सावरण्याची लकब यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रियांनी केले. कुलीन स्त्रीत्वाचा नमुना स्त्रियांनी एका पुरुषाकडून उचलला, ही हकीकत आपण कौतुकाने सांगतो. तिचा अर्थ मात्र क्वचित लक्षात घेतो. येथे आदर्श हा देहाच्या मापात नव्हता. तो नेसण्यात, चालण्यात, स्वरात आणि विभ्रमात होता. म्हणूनच वय वाढून शरीर स्थूल झाल्यावरही बालगंधर्व स्त्रीभूमिका करू शकले आणि रसिकांचा एक वर्ग त्यांत रुक्मिणीच पाहत राहिला. तो आदर्श अंगावर चढवता येत होता आणि उतरवूनही ठेवता येत होता.

याचा अर्थ तो आदर्श निरुपद्रवी होता, असा नव्हे. भरजरी शालूंना पैसा लागे, आणि शालीनतेला जातीची व वर्गाची चौकट होती. त्याच काळात तमाशाच्या बोर्डावर प्रत्यक्ष स्त्रिया नाचत-गात होत्या. पठ्ठे बापूरावांच्या फडातील पवळाच्या रूपाची कीर्ती दूरवर पसरली होती. परंतु तिचे नेसणे कुलीन घरांत अनुकरणीय ठरले नाही. ज्या देहाकडे पाहायचे तो एक आणि ज्याच्यासारखे व्हायचे तो दुसरा, अशी ही विभागणी होती. अभिरुचीच्या इतिहासात ती विसरून चालणार नाही.

पुढे दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) आणि रघुवीर मुळगावकर (१९१८–१९७६) यांच्या चित्रांनी आदर्श रूप छापील स्वरूपात घराघरांत नेले. मुखपृष्ठावरील ती स्त्री कुंचल्यातून उतरलेली आहे, हे वाचक जाणून होता. व्यवहारातील भाषाही वेगळी होती. ‘तब्येत सुधारली’ म्हणजे अंग भरले, आणि तो कौतुकाचा उद्गार होता. ‘रोडावली’ या शब्दात काळजी होती. अन्नाची टंचाई ज्यांनी अनुभवली होती, त्या समाजाची ही सौंदर्यदृष्टी होती.

आर्थिक उदारीकरणानंतर हे संकेत वेगाने बदलले. १९९४ मध्ये सुश्मिता सेन ‘मिस युनिव्हर्स’ आणि ऐश्वर्या राय ‘मिस वर्ल्ड’ झाल्या, आणि उंच, सडपातळ देह हा मध्यमवर्गाच्या आकांक्षेचा विषय झाला. २००८ मध्ये ‘टशन’मुळे ‘साइज झिरो’ हा शब्द घरोघरी पोचला. त्याच वर्षी ‘गजनी’ने पुरुषाच्या देहालाही पीळदार स्नायूंचे माप लावले. आता आदर्श नेसायचा नव्हता, तो हाडामांसात कमवायचा होता. हा बदल केवळ जाडीचा किंवा बारीकपणाचा नाही. शालू परवडला नाही, तर ती गरिबी म्हणून ओळखली जाई. देह मापात बसला नाही, तर तो व्यक्तीचा आळस किंवा दोष ठरतो. कुंचल्याची जागा छायाचित्राने घेतल्यामुळे, आणि त्या छायाचित्रावरही संगणकाचा हात फिरलेला असल्यामुळे, कल्पित आणि वास्तव यांतील अंतर दिसेनासे होते. भरल्या ताटासमोर संकोचणारी मुलगी आपल्या आवडीने तसे करते, असे म्हणणे मग कठीण जाते.

हे संकेत मोडतच नाहीत, असेही नाही. ‘सैराट’मधील (२०१६) आर्ची ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते, तिच्या देहाचा ठसा मापातून नव्हे, तर तिच्या वावरातून, आवाजातून आणि नजरेतून उमटतो. प्रेक्षकांनी तिला ज्या उत्कटतेने स्वीकारले, त्यावरून लोकाभिरुची दिसते तितकी बंदिस्त नसते, हे ध्यानात येते.

समीक्षकांनी मात्र स्वतःकडेही पाहिले पाहिजे. ‘भूमिकेला शोभणारे रूप’ हे शब्द आमच्या पिढीने, आणि मीही, नाट्यपरीक्षणांत किती सहज वापरले. शोभणारे म्हणजे कोणाच्या मापाने, हा प्रश्न आम्ही विचारला नाही. अभिरुची घडवण्यात परीक्षणाचाही वाटा असतो. म्हणून साहित्याच्या विद्यार्थ्याने नायिकेचे वर्णन वाचताना ती सुंदर आहे की नाही, यापूर्वी तिला सुंदर कोण म्हणत आहे, हे पाहावे.