ग्रंथसारांश आणि अनुबंधचतुष्टय

स्वयंसेवकांनीं चालविलेल्या डिजिटल ग्रंथालयांचें कार्य मोठें आहे. मराठी विकिस्रोतावर मूळ पानाचें चित्र एका अंगास व टंकित मजकूर दुसऱ्या अंगास ठेवून स्वयंसेवक अक्षरन् अक्षर ताडून पाहतात. ज्या जुन्या ग्रंथांसाठीं आमच्या माणदेशांतील दहिवडी-म्हसवडच्या विद्यार्थ्यास पूर्वीं पुणें गांठावें लागे, त्यांपैकीं पुष्कळ आतां त्याला घरबसल्या मिळतात. मात्र अशा ग्रंथालयांतून पुस्तकापुढें जे सारांश जोडले जातात, त्यांविषयीं चार शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

आमच्या पाहण्यांत आलेले बरेच सारांश ‘वाचनीय’, ‘संग्राह्य’ अशा विशेषणांवरच थांबतात. स्तुति म्हणजे सारांश नव्हे. आमच्या शास्त्रकारांनीं ग्रंथारंभीं विषय, प्रयोजन, संबंध व अधिकारी हें अनुबंधचतुष्टय सांगण्याचा परिपाठ घालून दिला आहे. सारांशलेखकास याहून चांगला नमुना मिळणार नाहीं.

बाबा पदमनजी यांचें ‘यमुनापर्यटन’ (१८५७) घ्या. नांवावरून तें तीर्थयात्रेचें वर्णन वाटावें. वस्तुतः यमुना ही त्यांतील नायिका असून विषय हिंदु विधवांची दुःस्थिति हा आहे. ग्रंथकार १८५४ मध्यें ख्रिस्ती झाले होते, हें सांगितल्यावांचून प्रयोजन नीट उमगत नाहीं.

संबंध म्हणजे ग्रंथ व विषय यांमधील नातें. इतिहासांत तें काळाचेंहि असतें. सभासदाची बखर राजारामाच्या अमदानींत, शिवछत्रपतींना पाहिलेलीं माणसें हयात असतां लिहिली गेली. मल्हार रामराव चिटणीसांची एकोणिसाव्या शतकांतील आहे. दोहींपुढें ‘शिवचरित्राची बखर’ इतकेंच लिहिलें, तर विद्यार्थी दोहोंची साक्ष सारख्याच वजनाची मानील. आवृत्तीचेंहि तसेंच. गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’ची १९०७ ची आवृत्ति चिंतामणराव वैद्यांनीं फेरफार करून काढली, मूळ हस्तलिखितास धरून असलेली आवृत्ति दत्तो वामन पोतदारांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केली. कोणती आवृत्ति समोर आहे हें सारांशांत आलेंच पाहिजे.

राहिला अधिकारी. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या मालेच्या पहिल्या खंडांत (१८९८) १७५० ते १७६१ या काळांतील पत्रें आहेत. तीं फारसी शब्दांनीं भरलेलीं असल्यानें नवशिक्यास जड जातील, हें आधींच सांगणें हा त्याच्यावर उपकार आहे.

स्वयंसेवकांस इतका वेळ कोठून, असें कोणी म्हणेल. चार बाबींस चार वाक्यें पुरतात. मात्र तीं लिहिणारानें ग्रंथ वाचलेला असावा. ज्याच्या गांवीं विचारण्यास ग्रंथपाल नाहीं, त्याला या चार वाक्यांवांचून दुसरा वाटाड्या नसतो. तीं चुकलीं, तर निर्दोष मुद्रितशोधन झालेला ग्रंथहि त्याच्या हातीं भलत्याच समजुतीनें पडेल. म्हणून मुद्रितशोधनाइतकीच काळजी सारांशाचीहि घेतली जावी, अशी आमची चालकांस विनंति आहे.