‘सार्वजनिक’ या शब्दाची तीन अंगे : टोरोंटोच्या सरोवरकाठच्या वादाची भाषिक चिकित्सा

एखाद्या सार्वजनिक वादाची कागदपत्रे इतिहासकार वाचतो तेव्हा कोण जिंकले व का जिंकले, हे तो पाहतो. भाषेच्या अभ्यासकाचे काम त्याहून धाकटे आहे. दोन्ही पक्ष एकच शब्द उच्चारीत असताना त्या शब्दाने एकच वस्तू निर्दिष्ट होते किंवा नाही, एवढेच त्याने पाहावयाचे असते. कॅनडातील टोरोंटो शहराच्या काठावर ‘ऑन्टारिओ प्लेस’ नावाचे जे जुने उद्यान व करमणुकीचे स्थान आहे, त्याच्या पुनर्विकासावरून २०१९ पासून माजलेला वाद या दृष्टीने फार उद्बोधक आहे. सरकार, कंपनी आणि नागरिक हे तिन्ही पक्ष हे स्थान ‘पब्लिक’ राहिले पाहिजे, असेच म्हणत होते. अशी एकवाक्यता असूनही वाद मिटला नाही. किंबहुना या एकवाक्यतेमुळेच तो मिटू शकला नाही, असे म्हणावे लागते.

प्रथम स्थानाचा परिचय करून देणे अगत्याचे आहे. माँट्रिऑल येथे १९६७ साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ऑन्टारिओ प्रांताच्या दालनाला जे यश लाभले, त्यातून प्रांताचे स्वतःचे एक कायमचे प्रदर्शनस्थान असावे, ही कल्पना निघाली. सरोवरात भराव घालून बेटे निर्माण करण्यात आली आणि २२ मे १९७१ रोजी हे स्थान खुले झाले. एबरहार्ड झाइडलर हे त्याचे वास्तुकार व मायकेल हफ हे भूदृश्यकार. पाण्यावर खांबांच्या आधाराने तोललेली पाच चौकोनी दालने आणि ‘सिनेस्फिअर’ हे गोलाकार चित्रपटगृह — आयमॅक्स पद्धतीचे जगातील पहिले कायमचे चित्रपटगृह — ही या स्थानाची ओळख होऊन बसली. एरिक मॅकमिलन यांनी रचलेले मुलांचे खेळगाव १९७२ साली त्यात आले. खुल्या रंगमंचावर संगीताचे जलसे होत आणि उद्यानाच्या प्रवेशमूल्यातच ते ऐकावयास मिळत. हा रंगमंच पुढे पाडला गेला व १९९५ साली त्या जागी मोठे व्यापारी प्रेक्षागृह उभे राहिले. प्रवेशमूल्याची ही गोष्ट वाचकाने ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

नावासंबंधी एक आनुषंगिक गोष्ट. ‘ऑन्टारिओ’ हा शब्द इरोक्वोयन भाषाकुलातील असून त्याचा मूळ अर्थ ‘मोठे सरोवर’ असा सांगतात. सरोवरावरून प्रांताचे नाव पडले आणि प्रांतावरून या स्थानाचे. व्युत्पत्तीच्या अंगाने पाहिले तर ‘ऑन्टारिओ प्लेस’ म्हणजे नुसते ‘सरोवराचे ठिकाण’. व्युत्पत्तीने वाद सुटत नसतात हे खरे. तथापि स्थान प्रांताचे की सरोवराकाठी येणाऱ्यांचे, हा प्रश्न त्या नावातच दबा धरून बसलेला होता, हे नमूद करण्याजोगे आहे.

प्रेक्षकांची संख्या घटत गेली, खर्च वाढत गेला आणि २०१२ साली प्रांतिक सरकारने या स्थानाचा बहुतेक भाग बंद केला. येथून पुढची हकीकत विशेष महत्त्वाची आहे. बंद झालेल्या या जागेत माणसे येतच राहिली. २०१७ साली पूर्वेच्या टोकाला ट्रिलियम पार्क हे विनातिकीट उद्यान सरकारनेच खुले केले. पश्चिमेच्या बेटावर लोक फिरू लागले, सायकली चालवू लागले, तेथील गोट्यांच्या किनाऱ्यावरून सरोवरात पोहू लागले. महामारीच्या काळात, २०२० नंतर, ही ये-जा पुष्कळच वाढली. १९७१ चे स्थान तिकिटाचे होते. २०१२ नंतरचे, कागदोपत्री बंद असलेले स्थान मात्र कोणालाही केव्हाही जाता येण्याजोगे झाले. अधिकृत वर्णनात जी जागा ओसाड होती, तीच वापराच्या दृष्टीने आपल्या आयुष्यात प्रथमच सर्वांची झाली होती.

२०१९ मध्ये सरकारने विकासाचे प्रस्ताव मागविले आणि जुलै २०२१ मध्ये निवड जाहीर केली. पश्चिमेच्या बेटावर ‘थर्मे’ या कंपनीचे प्रचंड स्नानगृह व जलक्रीडागृह आणि प्रेक्षागृहाच्या जागी ‘लाइव्ह नेशन’ कंपनीचे नवे प्रेक्षागृह, हे त्यातील मुख्य घटक होत. थर्मेशी २०२२ साली झालेला भाडेपट्टा मुदतवाढ धरून ९५ वर्षांचा आहे. पुढे २०२३ साली शहराच्या दुसऱ्या भागातील ऑन्टारिओ सायन्स सेंटरही येथे हलविण्याचे सरकारने जाहीर केले. त्याची जुनी इमारत जून २०२४ मध्ये बंद करण्यात आली आणि मूळ वादाला आणखी एक फाटा फुटला. त्याचा विचार येथे कर्तव्य नाही.

सरकारी निवेदनांतील शब्दांकडे आता वळावयास हरकत नाही. ‘रिव्हायटलायझेशन’, ‘रीडेव्हलपमेंट’, ‘रीबिल्डिंग’ या सर्व शब्दांच्या आरंभी एकच उपसर्ग आहे. ‘पुन्हा सजीव करणे’ असे म्हणताना ती वस्तू निर्जीव झालेली आहे, हे विधान वक्ता करीत नाही; तो ते गृहीत धरतो. विधानाचा प्रतिवाद करता येतो. गृहीतकाचा प्रतिवाद करावयाचा तर आधी वाक्य अडवावे लागते, आणि अडविणारा मनुष्य सभेत हटवादी दिसतो. मराठीत ‘पुनर्विकास’ हा शब्द आज चाळींपासून बंदरांपर्यंत सर्वत्र चालतो व त्यातही हाच गुण, किंवा दोष, आहे. ज्या बेटावर रोज माणसे पोहत होती ते बेट मृत कसे, असे विचारणाऱ्यांना म्हणूनच प्रत्येक वेळी प्रथमपासून आरंभ करावा लागला.

वादाचे मर्म मात्र ‘पब्लिक’ या विशेषणात आहे. सरकारचे म्हणणे असे, की जमीन विकली जात नसून केवळ भाड्याने दिली जात आहे. मालकी प्रांताचीच राहणार, सबब स्थान पब्लिकच राहील. कंपनी म्हणत होती, की स्नानगृहात कोणासही प्रवेश आहे, भोवतालची व छतावरील बाग विनातिकीट आहे, सबब स्थान पब्लिक आहे. नागरिकांचे म्हणणे याहून निराळे होते: येथे आम्ही कोणाला न विचारता व काही विकत न घेता येतो, बसतो, पोहतो, हे संपले की ‘पब्लिक’पण संपले. पहिल्या अर्थी या विशेषणाचा संबंध स्वामित्वाशी आहे, दुसऱ्या अर्थी प्रवेशाशी, तिसऱ्या अर्थी वापराशी. तिन्ही विधाने आपापल्या अर्थाने खरी होती. कोणी खोटे बोलत असते तर वाद सोपा झाला असता.

मराठीला या ठिकाणी एक सोय उपलब्ध आहे. जागा ‘सरकारी’ असणे, सभा ‘जाहीर’ असणे आणि पाणवठा ‘सार्वजनिक’ असणे, या गोष्टी मराठी बोलणारा एका शब्दात कोंबीत नाही. १८७० साली पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेच्या नावातील विशेषण सरकारकडे नव्हे, लोकांकडे बोट दाखविते. शिवाय ‘वहिवाट’ हा एक असा शब्द आपल्यापाशी आहे की, टोरोंटोच्या नागरिकांना नेमके जे म्हणावयाचे होते ते त्यात सामावते. गायरानाची जमीन दप्तरात सरकारची असते. गुरे मात्र गावाची चरतात, आणि त्या चरण्याला वहिवाट म्हणतात. इंग्रजी कायद्यात रूढीजन्य वापराला स्थान नाही असे नाही. परंतु तो शब्दसंग्रह वकिलांचा आहे, सभेत उभ्या राहणाऱ्या नागरिकाच्या तोंडी तो नाही. त्यामुळे वापराचा मुद्दा मांडण्यासाठीही त्याला ‘पब्लिक’ याच झिजलेल्या नाण्याने व्यवहार करावा लागला.

पण मराठी वाचकाने या सोयीचा फार अभिमान बाळगू नये. महाडच्या चवदार तळ्याचे प्रकरण आठवले म्हणजे वहिवाटीची दुसरी बाजू दिसते. १९२३ च्या मुंबई कायदेमंडळाच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांस खुले ठरले, महाड नगरपालिकेने १९२४ साली तसाच ठराव केला आणि २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रत्यक्ष पाणी घेतले गेले. त्यानंतर दिवाणी न्यायालयात जो दावा लढविला गेला त्यात स्पृश्य पक्षाचा आधार वहिवाटीचाच होता: अस्पृश्यांनी हे पाणी घेऊ नये अशी अनादि काळापासूनची रूढी आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रूढी सिद्ध होत नाही असा निर्णय दिला. आणि तळे नगरपालिकेच्या, म्हणजे सार्वजनिक, मालकीचे आहे ही गोष्ट तेथे वंचितांच्या बाजूची ठरली. टोरोंटोत मालकीचा अर्थ वापरणाऱ्याच्या विरुद्ध गेला. महाडात तो त्याच्या बाजूने उभा राहिला. अर्थात तिन्ही अर्थांपैकी कोणता अर्थ न्याय्य, हे शब्द ठरवीत नाही. कोणाला दाराबाहेर उभे केले जात आहे, ते पाहावे लागते.

विरोधकांच्या भाषेचीही चिकित्सा व्हावयास हवी. ती सहसा होत नाही. त्यांनी ‘मेगा-स्पा’ हा शब्द रूढ केला व तो परिणामकारक ठरला, कारण आकार आणि चैन या दोहोंचा उपहास त्यात एकत्र होतो. पण या उपहासाने चर्चा स्नानगृहाच्या योग्यायोग्यतेकडे वळली. स्नानगृहाऐवजी तेथे ग्रंथालय असते आणि तेही बेट व्यापून बसले असते, तर आक्षेप राहिला असता किंवा कसे, हा प्रश्न मागे पडला. दुसरे असे की, त्यांनी १९७१ च्या सुवर्णकाळाची स्मृती वारंवार जागविली. तो काळ तिकिटाचा होता हे वर आलेच आहे. बचाव करावयाचा होता २०१२ नंतरच्या मुक्त वावराचा आणि साक्षीला उभे केले बालपणीच्या तिकिटाच्या उद्यानाला!

तिसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वारशाचा मुद्दा विरोधकांनी आग्रहाने मांडला. वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंड या संस्थेने २०२० च्या आपल्या यादीत या स्थानाचा समावेश केला होता. परंतु वारशाची भाषा ही मुख्यतः इमारतींची भाषा आहे. दालने पाच आहेत, चित्रपटगृह एक आहे. ती मोजता येतात, त्यांना नावे आहेत. सरकारने ती जतन करण्याचे मान्य केले आणि वारशाचा मुद्दा बहुतांशी निकालात निघाल्यासारखा दिसू लागला. हफ यांची कृती मात्र चढउतार, झाडी, खाड्या व किनारे यांच्या परस्परसंबंधात होती. ‘सिटी फॉर्म अँड नॅचरल प्रोसेस’ या १९८४ च्या ग्रंथात शहरातील निसर्गप्रक्रियांचा ज्याने विचार केला, त्या माणसाची ही रचना. तिला अनेकवचन नाही. जे मोजता येत नाही त्याचा बचाव करणे व्याकरणालाच अवघड जाते. अखेर विरोधकांनी झाडांची संख्या सांगावयास सुरुवात केली, ती या अडचणीतून. आठशेहून अधिक झाडे, असे म्हटल्याने भूदृश्याला निदान एक आकडा मिळाला. पण झाडांबदली झाडे लावण्याचे आश्वासन त्या आकड्याला सहज उत्तर देऊ शकते, आणि तसे ते दिले गेलेही.

वाद शब्दांनी सुटला नाही. तो कायद्याने संपविला गेला. ऑलिव्हिया चाऊ या २०२३ मध्ये महापौरपदी निवडून आल्या त्या या योजनेस विरोध करून. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये प्रांत व शहर यांच्यात करार झाला: शहरातील दोन द्रुतगती मार्गांचा भार प्रांताने उचलावा आणि या स्थानावरील प्रांताचा अधिकार शहराने मान्य करावा. डिसेंबर २०२३ मध्ये ‘रीबिल्डिंग ऑन्टारिओ प्लेस अ‍ॅक्ट’ संमत झाला. पर्यावरणीय मूल्यांकनाचा व वारसा-संरक्षणाचा कायदा या स्थानास लागू नाही असे त्याने ठरविले आणि काही प्रकारच्या दाव्यांची कारणेच नष्ट केली. जे. एल. ऑस्टिन यांनी ज्या उक्तींना क्रियारूप उक्ती म्हटले — ज्या वर्णन करीत नाहीत, उच्चाराने घडवितात — त्यांचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. शासन हे लोकांच्या वतीने अशा स्थानाचे केवळ विश्वस्त आहे, असे प्रतिपादन घेऊन नागरिकांची एक संघटना न्यायालयात गेली. २०२४ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो अर्ज फेटाळला व प्रकरण अपिलात गेले. विश्वस्ताची ही कल्पना म्हणजे वहिवाटीला कायद्याच्या भाषेत बसविण्याचा प्रयत्न होता. त्याचे भवितव्य काहीही असो, तो उशिरा झाला; दहा वर्षांच्या सार्वजनिक चर्चेत तो मध्यभागी आलाच नाही.

ऑक्टोबर २०२४ च्या आरंभी पश्चिम बेटावरील झाडे तोडण्यात आली, आणि त्याच सुमारास भाडेपट्टा जनतेपुढे प्रसिद्ध करण्यात आला. ज्या दस्तऐवजावर मत द्यावयाचे तो वाचावयास मिळाला तेव्हा मत देण्याचा विषय भुईवर पडला होता. डिसेंबर २०२४ मध्ये प्रांताच्या महालेखापरीक्षकांनी प्रस्ताव मागविण्याची ही प्रक्रिया न्याय्य, पारदर्शक व उत्तरदायी नव्हती असा अभिप्राय दिला. प्रांतावर पडणाऱ्या खर्चाचा अंदाज तोवर २ अब्ज डॉलरच्या वर गेला होता.

सुधारित आराखडा वाचताना एक व्याकरणिक बदल नजरेत भरतो. नागरिकांच्या वाक्यांत ‘पब्लिक’ हे विशेषण ‘प्लेस’ या नामाला, म्हणजे सबंध स्थानाला लागत असे. आराखड्यात ते किनाऱ्याला लागते, पायवाटेला लागते, छतावरील बागेला लागते. प्रत्येक ठिकाणी सुटे सुटे, आणि मधल्या इमारतीला वगळून.