‘उपलब्ध’ या पदाची आकांक्षा

लष्करी सामग्रीच्या देखभालीसाठी कामगिरीवर आधारलेल्या करारांचा पुरस्कार गेली काही दशके होत आहे. ज्या एका शब्दावर हा व्यवहार उभा आहे, त्याची चिकित्सा येथे करावयाची आहे.

मूळ कल्पना निःसंशय सयुक्तिक होय. सुट्या भागांचे मोल नगावारी दिले, तर यंत्र जितके बिघडेल तितका पुरवठादाराचा लाभ. १९६२ साली ब्रिस्टल सिडली या ब्रिटिश कंपनीने व्हायपर इंजिनासाठी उड्डाणाच्या तासाला ठराविक दर आकारून हे गणित उलटे केले. ते इंजिन खासगी प्रवासी विमानाचे होते, आणि विमान किती तास उडाले याविषयी दुमत संभवत नाही. सैन्य मात्र शांततेच्या काळात तास विकत घेत नाही, सिद्धता घेते. म्हणून तासाच्या जागी ‘उपलब्धता’ आली.

‘उपलब्ध’ हे लभ् धातूचे क्त-प्रत्ययान्त रूप. त्याचा मूळ अर्थ ‘मिळालेले’. करारात ते ‘मागितल्यास मिळेल असे’ या अर्थी योजले जाते. हा अर्थविस्तार रूढ आहे, त्याविषयी तक्रार नाही. परंतु हे विधेय साकांक्ष आहे: कोणाला, कशासाठी, केव्हा? टक्केवारीत या तिन्ही आकांक्षा गळून पडतात.

त्याचा परिणाम अमेरिकेच्या एफ-३५ विमानांत दिसतो. गव्हर्न्मेंट अकाउंटेबिलिटी ऑफिस या तेथील लेखापरीक्षक संस्थेच्या २०२३ च्या अहवालानुसार त्या वर्षीच्या मार्चमध्ये सुमारे ५५ टक्के विमाने ‘मोहीमक्षम’ होती. पण नेमून दिलेल्या मोहिमांपैकी किमान एक पार पाडू शकणारे विमानही मोहीमक्षमच! सर्व मोहिमांस समर्थ असलेल्या विमानांची गणना निराळी होते. मोबदला पहिल्या संज्ञेला बांधला, तर पुरवठादाराला दुसरीची चिंता वाहण्याचे कारण उरत नाही. लबाडी नव्हे, व्याख्येचे पालन.

भारतानेही २०१६ साली ३६ राफेल विमानांच्या खरेदीबरोबर ७५ टक्के ताफा, म्हणजे २७ विमाने, उपलब्ध राखण्याची हमी घेतली. अशा कोणत्याही आकड्यापुढे पहिला प्रश्न असा, की ही सरासरी आहे की रोजची किमान मर्यादा? सरासरी असेल, तर ऐन युद्धाच्या आठवड्यात १५ विमाने उभी राहूनही करार अभंग राहू शकतो. दुसरा प्रश्न कर्त्याचा. ‘विमान उपलब्ध नाही’ या वाक्यात दोष भाग न पुरवणाऱ्याचा की तळावर तंत्रज्ञ न नेमणाऱ्याचा, हे व्याकरण सांगत नाही; ते कराराने सांगावे लागते.

परिभाषा घडवणाऱ्यांनी निदान तीन पदे वेगळी राखावीत: बिघाड नसलेले ते ‘दुरुस्त’, आज्ञा होताच निघू शकणारे ते ‘सज्ज’, सर्व नेमलेली कामे करू शकणारे ते ‘समर्थ’. तिन्हींचे दरही वेगळे असावेत.