बटणाची उपमा कुठे फसते?

कर्करोगावरील सोप्या लेखांत एक उपमा हमखास भेटते : प्रथिनाला फॉस्फेट चिकटले, की पेशीवाढीचे बटण दाबले जाते. उपमा सुटसुटीत आहे, पण निम्मीच खरी आहे. मोठ्या आतड्याच्या दीर्घकालीन दाहात इंटरल्यूकिन-६ हा संदेश मिळाला, की जॅक हे विकर स्टॅट-३ या प्रथिनाला फॉस्फेट जोडते. स्टॅट-३ केंद्रकात जाऊन पेशीविभाजनाची जनुके चालू करते. जखम भरायला हे हवेच. पण दाह वर्षानुवर्षे राहिला तर कर्करोगाचा धोका वाढतो. जॅकला रोखणारे टोफासिटिनिब हे औषध अमेरिकेत २०१८ मध्ये आतड्याला व्रण पाडणाऱ्या दाहावर मंजूर झाले.

आता त्याच आतड्यातले बीटा-कॅटेनिन पाहा. तेही वाढीला चालना देते. मात्र त्याला फॉस्फेट चिकटले, की पेशी ते मोडीत काढते. आतड्याच्या बहुतेक कर्करोगांत एपीसी हे जनुक बिघडते आणि मोडीत काढणारी ही यंत्रणा ढिली पडते. बीटा-कॅटेनिन साचते, पेशी वाढत राहतात. म्हणजे इथे फॉस्फेट हा वाढीचा लगाम आहे!

म्हणून बटणाऐवजी 'खूण' म्हणावे. उत्तरपत्रिकेवरची बरोबरची खूण गुण देते. डेडस्टॉक रजिस्टरात निर्लेखनाच्या रकान्यातली तीच खूण बाक भंगारात धाडते. भोर-वेल्ह्यातल्या छोट्या शाळेतही एवढे साहित्य हाताशी असते. खूण कशावर आहे आणि ती कोण वाचतो, हे विचारायला विद्यार्थी शिकला, तर 'फॉस्फेट रोखा, कर्करोग थांबेल' असल्या दाव्याला तो भुलणार नाही.