दुल्हनचं काय झालं?

जूनच्या सुरुवातीला, शाळा उघडण्याआधी, आम्ही काही शिक्षक कुटुंबासह भंडारदऱ्याला काजवे पाहायला गेलो होतो. शेंडीच्या मुक्कामी पाऊस आला, वीज गेली आणि मुलांनी खालाजानकडे कहाणीचा हट्ट धरला. खालांनी जिन्नची कहाणी सांगितली. सौदागर लग्न होताच परदेशी जातो. जिन्न त्याचं रूप घेऊन घरात येतो. खरा नवरा परततो तेव्हा जिन्नला बाटलीत कोंडतात. एका मुलीने विचारलं, "फिर दुल्हन का क्या हुआ?" खाला म्हणाल्या, "क्या होना था? घर संभाली."

या उत्तराने आम्हाला दोन चित्रपट आठवले. याच जातीची लोककथा विजयदान देथा यांनी राजस्थानीत 'दुविधा' या नावाने लिहिली. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या मणी कौल यांनी तिच्यावर १९७३ साली त्याच नावाचा चित्रपट काढला. पुढे २००५ साली आपल्या अमोल पालेकरांनी 'पहेली' काढला. त्याची पटकथा संध्या गोखले यांची.

परीकथा म्हणजे मुलांचा मामला, असं आपण समजतो. पण 'अलिफ लैला'तली शहरजाद कहाण्या सांगते ती स्वतःची मान वाचवण्यासाठी. 'बाग-ओ-बहार'चे दरवेशही मुलांना झोपवायला बसलेले नाहीत. म्हणून मोठ्यांसाठी परीकथा पडद्यावर आणणारा दिग्दर्शक ती बिघडवत नाही, मूळ मालकाला परत करतो. पाहायचं इतकंच, की परत करताना त्याने काय काढून घेतलं.

'पहेली'चं मोठेपण आम्ही नाकारत नाही. पहिल्या रात्री नवरा हिशेबाच्या वहीत डोकं घालून बसतो आणि सकाळी पाच वर्षांसाठी निघून जातो. त्याच्या रूपात आलेलं भूत मात्र लच्छीला फसवत नाही. आपण कोण, हे सांगून टाकतं आणि निर्णय तिच्यावर सोडतं. शाहरुख खान आणि राणी मुखर्जी यांच्या रंगीबेरंगी, बोलक्या बाहुल्यांच्या चित्रपटात परक्या पुरुषाला होकार देणारी विवाहित स्त्री दोषी ठरत नाही, ही साधी गोष्ट नाही.

पण शेवटी दिग्दर्शक कचरला. देथांच्या कथेत गडरिया भुताला मशकीत कोंडतो, आणि सून नवऱ्याच्या घरात राहते. 'पहेली'त भूत निसटून नवऱ्याच्याच देहात शिरतं. प्रेमही राहिलं, संसारही राहिला, प्रेक्षक खूश! मात्र एकदा जिला विचारलं होतं, तिला दुसऱ्यांदा कोणी विचारत नाही. आणि ज्याच्या देहात भूत शिरलं, तो नवरा कुठे गेला? तोही बापाच्या हुकुमाचा आणि व्यापाराचा बळीच होता.

कौल यांचा चित्रपट संथ आहे, थांबलेल्या चित्रांचा आहे. अनेकांना तो कंटाळवाणा वाटेल. पण तिथे दुल्हनचं दुःख कोणी गोड करत नाही. २०१४ च्या 'मॅलेफिसेंट'नेही झोपलेल्या राजकन्येच्या कथेतल्या दुष्ट परीचे पंख कोणी कापले हे दाखवलं, आणि खरं प्रेम राजपुत्राच्या चुंबनात नाही हेही. शेवट मात्र तिथेही गोडच केला.

आम्हाला हे लागतं याचं कारण घरातलं आहे. लग्नानंतर महिन्याभरात आखातात गेलेले नवरे आपल्या वस्त्यांना नवे नाहीत. मागे राहिलेली सून गप्प राहू लागली, एकटीच हसू लागली, की शेजारणी कुजबुजतात, "असर है, जिन्न आशिक हुआ." मग तावीज होतो, दर्गा होतो. तिला काय हवं होतं, हे विचारायचं राहून जातं. जिन्नची कहाणी अशाच घरांत जन्मली असावी. जे बोलता येत नव्हतं, ते बायका जिन्नच्या नावाने बोलल्या.

म्हणून परीकथा मोठ्यांची होते ती अंधाराने किंवा शय्यागृहाच्या दृश्यांनी नव्हे, तर न विचारलेला प्रश्न विचारल्याने. त्या कसोटीवर आम्ही 'पहेली'ला अर्धे गुण देऊ आणि 'दुविधा'ला जास्त.

परतीच्या वाटेवर तीच मुलगी पुन्हा म्हणाली, "सर, दुल्हन को पूछे नहीं क्या किसीने?" पालेकरांचा शेवट सांगून तिला खूश करता आलं असतं. आम्ही म्हणालो, "नहीं पूछे, बेटा. तू पूछना."