सधन घरातला मुलगा आणि मराठी कुमार-कादंबरी

मराठी कुमारवाङ्मयाने दारिद्र्याचे जितके सहृदय चित्रण केले आहे तितके अन्य कोणत्याही मानवी अवस्थेचे क्वचितच केले असेल. आणि ज्या समाजातली बहुसंख्य मुले अर्धपोटी शाळेत जात होती त्या समाजातील लेखकांनी आपली लेखणी त्यांच्याकडे वळवावी, हे सर्वथा उचितच होते. परंतु या औचित्याची परिणती पुढे एका संकेतात झाली, आणि तो संकेत असा की, मुलाचे दुःख खरे ठरावयाचे असेल तर त्याचे घर गरीबच असले पाहिजे. सुखवस्तू घरातला मुलगा आमच्या कुमार-कथेत येतो तो बहुधा नायकाचा प्रतिस्पर्धी म्हणून, नवी सायकल आणि उद्दाम जीभ घेऊन. अखेरच्या प्रकरणात त्याला पश्चात्ताप होतो आणि तेवढ्यावर त्याचे प्रयोजन संपते. त्याला झोप का लागत नाही, परीक्षेत नापास झाल्यावर तो कोणाच्या नजरेला नजर देऊ शकत नाही, आईच्या आजारपणात त्या भरल्या घरात त्याच्याशी बोलावयास कोण उरते, हे प्रश्न लेखकाला पडत नाहीत.

या संकेताचे पितृत्व ‘श्यामची आई’कडे दिले जाते, ते मला अन्यायाचे वाटते. साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात काही दिवसांत लिहून काढलेले आणि १९३५ साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक जन्मजात गरिबीचे नसून ओसरत्या वैभवाचे आहे. श्यामचे घराणे कोकणातल्या खोतांचे. आजोबांच्या अमदानीत घरात सुबत्ता होती, आणि वडिलांच्या काळात भाऊबंदकी, कर्ज व सावकाराचा तगादा या क्रमाने ती लयाला गेली. सावकाराच्या माणसाने दारात येऊन केलेला आईचा अपमान वाचकाला जो सोसवत नाही तो याचसाठी की, त्या दाराला पूर्वी मान होता. गुरुजींनी मिळकतीचा आणि मनाचा संबंध नेमका ओळखला होता. त्यांच्या अनुयायांनी आईचा त्याग तेवढा उचलला आणि मिळकतीचा हिशेब मात्र मागे ठेवला.

पुढच्या काळात ना. धों. ताम्हनकरांचा गोट्या आला, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश फेणे आला, आणि या दोघांनी मराठी मुलांना जो निर्मळ आनंद दिला त्याबद्दल कृतज्ञताच व्यक्त केली पाहिजे. तथापि फेणेची संकटे चोर-दरोडेखोरांच्या रूपाने बाहेरून येतात आणि धाडसाने बाहेरच्या बाहेर परतविली जातात. आतून येणारे संकट प्रथम समर्थपणे हाताळले ते प्रकाश नारायण संतांनी. ‘वनवास’पासून ‘झुंबर’पर्यंतचा त्यांचा लंपन खाऊनपिऊन सुखी अशा आजी-आजोबांच्या घरात वाढतो, त्याला कशाची वाण नाही, आणि तरीही आईवडिलांपासून दूर राहण्याची त्याची हुरहुर व पुढे वडिलांच्या मृत्यूने त्याच्यावर कोसळलेले आकाश वाचकाच्या काळजाला भिडते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’तील मुकुंद जोशीचे दुःखही पैशाच्या परिभाषेत मांडता येणार नाही. परंतु सधनता हेच ज्याच्या आयुष्याचे मुख्य वास्तव आहे, असा तरुण मराठीत एकदाच पूर्णत्वाने साकार झाला, तो १९६३ साली, भालचंद्र नेमाड्यांच्या ‘कोसला’त. पांडुरंग सांगवीकर हा गावातल्या मातब्बर शेतकऱ्याचा मुलगा. पुण्याच्या वसतिगृहात तो वडिलांचे पैसे उधळतो, मेसच्या कारभारात फसतो, परीक्षेत आपटतो, आणि धाकट्या बहिणीचा, मनीचा, देवीच्या रोगाने झालेला मृत्यू त्याला असा काही पोखरतो की त्यानंतर घरचा पैसा त्याच्या दृष्टीने केवळ निरर्थक होतो. वडिलांच्या पैशावर जगणाऱ्या मुलाची लाज आणि त्याच पैशाविरुद्धचे त्याचे बंड या दोहोंचे असे एकजीव दर्शन अन्यत्र नाही. खेद इतकाच की ही कादंबरी पंधरा वर्षांच्या वाचकासाठी लिहिलेली नाही, आणि जी त्याच्यासाठी लिहिली जातात त्या पुस्तकांनी तिच्यापासून काही घेतलेले दिसत नाही.

मी वसईत राहतो, आणि म्हणून ही उणीव मला ग्रंथालयापेक्षा रस्त्यावर अधिक जाणवते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ रोजी कसणाऱ्याला जमिनीचा मालक केले. त्या मालकांनी केळी, पानवेली, मोगरा यांच्या वाड्या राखल्या. आणि त्यांच्याच हयातीत, किंवा त्यांच्या मुलांच्या अमलात, त्या वाड्यांवर इमारती उभ्या राहिल्या. २००९ साली महानगरपालिका झालेल्या या वसई-विरारची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १२ लाखांवर गेली होती. या स्थित्यंतराचे सार्वजनिक दुःख बोलले गेले आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’च्या चळवळीतून ते आयुष्यभर मांडले, आणि त्याच वसईकराला २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. पण ज्याच्या आजोबांचे हात पाटाच्या चिखलाने माखलेले असत आणि ज्याच्या वडिलांचा दिवस खरेदीखते, मुखत्यारपत्रे आणि फेरफार यांच्या मागे जातो, त्या तिसऱ्या पिढीतल्या मुलाचे खाजगी दुःख माझ्या वाचनात कोठेही आलेले नाही. त्याच्या घरात पैसा आला तो आजोबांच्या अबोल्यासह. काकांशी येणेजाणे वाटणीच्या दाव्यामुळे बंद झाले. दहावीला गुण कमी पडले तेव्हा देणगी देऊन प्रवेशाची तजवीज झाली, आणि आपले अपयशसुद्धा आपल्या मालकीचे राहिले नाही, ही जाणीव त्याला प्रथमच झाली. यातले प्रत्येक सूत्र एकेका कादंबरीचे आहे.

अशा मुलाला अपयशातून वर कसे आणावे, याबाबत परभाषेतील दोन जुनी उदाहरणे बोधप्रद आहेत. किप्लिंगच्या १८९७ सालच्या ‘कॅप्टन्स करेजस’मध्ये रेल्वेसम्राटाचा लाडावलेला मुलगा हार्वी जहाजावरून समुद्रात पडतो, मासेमारी करणाऱ्या एका गलबतावर उचलला जातो, आणि बापाच्या संपत्तीविषयीच्या त्याच्या बोलण्यावर तेथे कोणीही विश्वास ठेवीत नसल्यामुळे महिना साडेदहा डॉलरवर खलाशाचे काम करतो. अर्नाळा किंवा पाचूबंदरच्या तांडेलांना जो ओळखतो त्या वाचकाला यातले कामाचे वर्णन अस्सल वाटेल: हाताला पडणारे घट्टे, धुक्याची भीती, आणि काम जमू लागल्यावर येणारा अबोल अभिमान. फ्रान्सिस बर्नेटच्या १९११ सालच्या ‘द सीक्रेट गार्डन’मधली मेरी हिंदुस्थानात कॉलऱ्याने पोरकी होऊन यॉर्कशरमधल्या मोठ्या वाड्यात जाते, आणि एका उजाड बागेच्या मशागतीतून स्वतःला व आपल्या भयग्रस्त आतेभावाला सावरते. दोन्ही लेखकांनी संपत्तीला अपराध मानले नाही आणि औषधही मानले नाही, हा त्यांचा मोठा गुण. मात्र दोघांचाही शेवट मला सदोष वाटतो; हार्वीचा बाप खास गाडीने धावत येतो व त्याच्या भवितव्याची सोय लावतो, आणि बर्नेटच्या कथेत गरीब डिकनचे सारे शहाणपण अखेर श्रीमंत मुलांच्या आरोग्यासाठी खर्ची पडते. आमच्या लेखकाने येथे जपावे. वाडीत राबणाऱ्या आदिवासी मजुराचा मुलगा मालकाच्या मुलाला धडा देण्यासाठी कादंबरीत आला, तर ती कादंबरी पहिल्या संकेतातून सुटून दुसऱ्या संकेतात अडकेल.

आजच्या परिस्थितीत अनुकूल गोष्टी नाहीत असे नाही. बालभारतीचे ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे, ‘साधना’ बालकुमारांसाठी दिवाळी अंक काढते, साहित्य अकादमी २०१० पासून बालसाहित्याला स्वतंत्र पुरस्कार देते. परंतु मासिकाची पृष्ठमर्यादा कथेला पोषक आहे, दीर्घ कादंबरीला नाही. आणि प्रकाशक कुमारांसाठी पुस्तक काढताना संस्कार शोधतो, ज्यायोगे मनाची गुंतागुंत पहिल्याच वाचनात कापली जाते.

एक उणीव याहूनही मोठी आहे. आतापर्यंत मी मुलाविषयी बोलत आलो, कारण निदान ‘कोसला’ त्याच्या बाजूने उभी आहे. सधन घरातल्या मुलीच्या बाजूने काहीच नाही. वसईतल्या ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने, आणि हिंदू कुटुंबांना महाराष्ट्राच्या १९९४ च्या व केंद्राच्या २००५ च्या दुरुस्तीने, मुलीचा समान वाटा मान्य करावा लागतो. आणि तरीही जमिनीचा व्यवहार ठरला की बहिणींकडून हक्कसोडपत्रे घेण्याची रीत चालू राहते. बारावीतली मुलगी आपल्या आत्याला तशा कागदावर सही करताना पाहते. त्याच व्यवहाराच्या पैशातून तिच्या शिक्षणाचा खर्च व्हायचा आहे, प्रवेशपरीक्षेत ती पहिल्या खेपेस अनुत्तीर्ण झालेली आहे, आणि दुसऱ्या खेपेची शुल्कपावती तिच्या हातात आहे. ही कादंबरी तिच्याच तोंडून, वसईच्या घरात बोलल्या जाणाऱ्या मराठीत आली पाहिजे. तिने ती पावती वडिलांना परत करावी की आत्याला विचारून परीक्षेला बसावे, याचा निर्णय लेखकाने अगोदर करून ठेवता कामा नये, आणि आत्या काय उत्तर देते हे आपल्याला तिच्याबरोबरच कळावे.