वाढणारे घर, घटणारे अंगण

शहरातील घर म्हटले की आपल्यासमोर दोन चित्रे उभी राहतात. एक उंच इमारतीतील सदनिकेचे, दुसरे झोपडीचे. या दोहोंहून वेगळा असा तिसरा मार्ग शोधण्याचा एक प्रयोग नवी मुंबईत बेलापूर येथे झाला. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया (१९३०-२०१५) यांनी सिडकोसाठी आखलेली ही वसाहत १९८३ ते १९८६ या काळात उभी राहिली. आज ती 'आर्टिस्ट्स व्हिलेज' या नावाने ओळखली जाते. वास्तुकलेवरील पुस्तकांत तिचे भरपूर कौतुक आढळते आणि ते बव्हंशी योग्यच आहे. परंतु ही रचना कुठे यशस्वी होते आणि कुठे अडते, हे आपल्याला शाळेतल्या गणितानेही तपासता येते.

प्रथम रचना समजून घेऊ. सात घरांचा एक गट, आणि मधोमध सुमारे ८ मीटर लांब व ८ मीटर रुंद असे सामायिक अंगण. असे तीन गट, म्हणजे २१ घरे, मिळून सुमारे १२ मीटर बाजूचा एक चौक. अशा गटांचे पुढे आणखी मोठे गट होत जातात. वसाहतीच्या मधून एक लहान ओढा वाहतो व पावसाळ्यातील जादा पाणी वाहून नेतो. डोंगराच्या पायथ्याशी, कोकणच्या पावसात, ही सोय मोलाची आहे.

घरांसाठी भूखंड ४५ ते ७५ चौरस मीटरचे आहेत. लहान व मोठ्या भूखंडांत फार तफावत नसल्यामुळे कमी-अधिक उत्पन्नाची कुटुंबे एकाच अंगणाभोवती राहू शकतात. प्रत्येक घर स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या भिंतींवर उभे आहे. शेजाऱ्याशी सामायिक भिंत नाही. म्हणून कुटुंब वाढले, हाती पैसा आला, की शेजाऱ्याच्या घराला धक्का न लावता खोली वाढवता येते. मूळ घरांचे बांधकामही स्थानिक गवंड्याला जमेल इतके साधे होते.

आता थोडी आकडेमोड करू. सुमारे ५.४ हेक्टर जमिनीवर साधारण ५५० कुटुंबे, म्हणजे दर कुटुंबामागे ९८ चौरस मीटर जमीन येते. सरासरी भूखंड ६० चौरस मीटरचा धरला तर रस्ते, अंगणे व इतर सोयींसाठी ३८ चौरस मीटर उरतात. पहिल्या अंगणातील प्रत्येक घराचा वाटा ६४ भागिले ७, म्हणजे सुमारे ९ चौरस मीटर. चौकातील वाटा १४४ भागिले २१, म्हणजे सुमारे ७. दोन्ही मिळून १६ चौरस मीटर झाले. ही एका बऱ्यापैकी खोलीएवढी जागा आहे! ती प्रत्येकाला वेगळी दिली असती तर घरामागचा एक अरुंद पट्टा झाला असता. एकत्र केल्यामुळे तिथे मुले खेळू शकतात, पापड वाळू शकतात, लग्नाचा मांडव पडू शकतो. दाट वस्तीसाठी उंच इमारतीच हव्यात, या समजाला हे आकडे चांगले उत्तर देतात.

इथे चाळीची आठवण होणे साहजिक आहे. चाळीतल्या शेजारधर्माचे आपण गोडवे गातो, परंतु त्यातला बराचसा भाग सामायिक नळ आणि सामायिक संडास यांच्या टंचाईतून आलेला होता. बेलापूरला प्रत्येक घराला स्वतःची न्हाणी व संडास आहे. सामायिक आहे ती फक्त मोकळी जागा. गैरसोयीच्या सक्तीवाचून माणसे एकत्र यावीत, हा विचार मला या रचनेतील सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

मग अडते कुठे? गेल्या चार दशकांत येथील अनेक मूळ घरे पाडून त्या जागी मोठी, काँक्रीटची, अधिक मजल्यांची घरे आली. काही टीकाकार याला प्रयोगाचे अपयश मानतात. मला तसे वाटत नाही. घर बदलता यावे हाच तर हेतू होता. अडचण वेगळी आहे. आराखड्याने जमिनीची वाटणी नेमकी केली, पण अंगणावरच्या आकाशाची केली नाही.

हेही मोजून पाहू. बेलापूर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला स्थानिक मध्यान्ही, म्हणजे आपल्या घड्याळात सुमारे १२ वाजून ३६ मिनिटांनी, सूर्य क्षितिजापासून ४७.६ अंश उंचीवर असतो. या कोनाचे टॅन सुमारे १.१ आहे. अंगणाच्या दक्षिणेला ३ मीटर उंचीचे एकमजली घर असेल तर सावली २.७ मीटर पडते. अंगणाचा दोन तृतीयांश भाग उन्हात राहतो. उंची ६ मीटर झाली की सावली ५.५ मीटर, आणि ९ मीटर झाली की ८.२ मीटर होते. अंगण आहे ८ मीटरचे! म्हणजे एका कुटुंबाने तीन मजले चढवले की सात कुटुंबांच्या अंगणातले हिवाळ्यातील दुपारचे ऊन गेले. उलट मेच्या मध्यास सूर्य डोक्यावर येतो, तेव्हा तीच उंच भिंत भर दुपारी अंगणाला सावलीही देत नाही.

यावर कोणी म्हणेल, जागा इतकी महाग असताना लोकांनी मजले चढवू नयेत काय? जरूर चढवावेत. परंतु तिसरा मजला अंगणाच्या बाजूने ३ मीटर मागे घेतला तर त्याची सावली अंगणात ५.२ मीटरच येते, म्हणजे दुमजली घराहून जास्त नाही. पुढे गच्चीही मिळते. वाढत्या घराच्या आराखड्यात ते जमिनीवर कुठपर्यंत वाढेल याबरोबरच आकाशात कुठपर्यंत वाढेल, हेही आरंभीच आखायला हवे. आणि त्यात बदल करायचा तर त्या अंगणाच्या सातही घरांचे मत घ्यायला हवे.

हा अभ्यास वर्गात सहज करता येईल. काड्यापेट्यांची सात घरे मांडा, विजेरी ४७ अंशांच्या कोनात धरा आणि एकेक पेटी चढवत जा. मजले कोणी व किती चढवायचे, हे मुलांनाच आपापसांत ठरवू द्या. त्या वादावादीत त्यांना नगररचनेचा मुख्य प्रश्न आपोआप सापडेल.